जोडातला उजेड

“पप्पा, तुम्ही बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून कानाकडे का बघता?”

रविवारची सकाळ होती. पप्पा आमच्या वेल्डिंगच्या दुकानाच्या शटरला तेल देत होते. आई उंबऱ्यावर बसून मोजायच्या टेपवरची माती पदरानं पुसत होती. मी प्रश्न टाकला आणि निंबाच्या झाडाला रेलून उभी राहिले, पैज जिंकल्यासारखी.

प्रश्न माझा नव्हताच. तो शाहीनचा होता. शाळेत पाण्याच्या टाकीजवळ आमची टोळी बसायची. तिथं शाहीन म्हणाली होती, “उत्कर्षा, तुझे पप्पा माझ्याशी बोलले ना, की मला वाटतं माझ्या कानात डूल नीट बसलं नाही. विचार ना त्यांना. हिंमत आहे का?” विचारलं तर तिच्या अम्मीच्या हातचे गुलगुले, नाही विचारलं तर वर्गात सगळ्यांसमोर उठाबशा. प्रांजल साक्षीदार.

त्या वर्षी मी नववीत होते आणि मला नुकतंच तोंड फुटलं होतं. आठवीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पंधरा ऑगस्टला ऐनवेळी प्रांजलचा घसा बसला, सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं, हातात माइक आला आणि काय झालं कोण जाणे, मी बोलत सुटले. त्यानंतर थांबलेच नव्हते. असल्या पैजा म्हणजे मला खाऊच.

पप्पांनी तेलाची बुधली खाली ठेवली. “शाहीननं विचारायला लावलं ना?”

“नाही हो. माझं मलाच वाटलं.”

“तोंड वाकडं करता येतं, डोळे फिरवता येतात,” पप्पा म्हणाले. “कान नाही हलवता येत. माणूस खरं बोलायलाय का थापा मारायलाय, ते कानाकडं बघून कळतं. आता तुझा कान लाल झालाय.”

मी खरंच कानाला हात लावला. पप्पा हसले. उद्या टाकीजवळ हे उत्तर कसं रंगवून सांगायचं, त्याची मी मनात जुळवाजुळवही सुरू केली. आई मात्र हसली नाही. टेप खट्कन गुंडाळून म्हणाली, “तुला अभ्यास नाही का गं? निघाली सकाळी सकाळी वकिली करायला.”

एवढ्यात मंगलमावशी आली, म्हणून मी वाचले.

मंगलमावशीची रसवंती होती. शिवरात्रीपासून चैत्र संपेपर्यंत ती आणि तिची सून गावोगावच्या जत्रा करायच्या. ऊस पिळायचा चरक, त्याला लावलेलं इंजिन, खाली लोखंडी चाकं. असं ते सगळं धूड जीपमागच्या दोनचाकी ट्रॉलीत चढवायचं, जत्रेत उतरवायचं, परत चढवायचं. मावशीचं वय माझ्या आजीएवढं, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. तिचं येणं आधी कानावर पडायचं आणि मग दिसायचं.

“व्यंकटा, मला दोन रॅम्प करून दे.”

“ट्रॉलीचं काम बंद केलंय मावशी. ग्रिल, गेट, खिडकी असलं तर सांग.”

हे खरं होतं. पूर्वी आमच्या दुकानासमोर ट्रॉल्यांची रांग असायची. वर्षभरापासून पप्पांनी ते सोडून दिलं होतं. का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, ट्रॉलीत आता राम राहिला नाही.

“ट्रॉली कोण मागायलंय तुला? ट्रॉली हाय माझी. चरक वर चढवायला लोखंडाच्या फळ्या पायजेत. नवं लोखंड नको घालू, भंगारातलंच बघ. पण मजबूत पायजे.” मावशी उंबऱ्यावर आईशेजारी टेकली. तिचा आवाज एकदम खाली आला. “मागच्या साली लाकडाची फळी मोडली रे. चरक मागं आला. मी अन् सून, दोघी खालून ढकलत होतो. मी सरकले. तिला नाही सरकता आलं. पायाची बोटं गेली लेकराची. आता परत तिथंच उभी राहून ढकलणार हाय ती. दुसरं कोण हाय आमच्यात?”

पप्पा तिच्या कानाकडे बघत राहिले. 

“करतो,” ते म्हणाले.

“अहो,” आई म्हणाली.

“करतो म्हणालो ना, सुमित्रा.”

*

भंगाराचं दुकान शाहीनच्या अब्बांचं, रऊफचाचांचं. मी पप्पांच्या मागे गाडीवर बसून गेले. पप्पा हल्ली गाडी फारच हळू चालवायचे. सायकलवाले पुढे निघून जायचे आणि मला लाज वाटायची.

शाहीन तिथंच होती. जुन्या कुकरच्या ढिगावर राणीसारखी बसलेली.

“विचारलंस?”

“विचारलं.”

“मग?”

मी कानाची सगळी गोष्ट सांगितली. थोडी माझ्या पदरचीही घातली. शाहीन म्हणाली, “असं असेल तर तुझ्या पप्पांना माझ्या अब्बांजवळ उभं कर. वजनकाट्याजवळ उभे असताना त्यांचे कान बघायला.”

“मी ऐकतोय,” रऊफचाचा आतून म्हणाले.

पप्पा भंगारात शिरले की बघत राहावं असं वाटायचं. एखादा तुकडा उचलायचे, त्यावरून अंगठा फिरवायचे, दुसऱ्या लोखंडानं टण्कन वाजवायचे आणि आवाज ऐकून बाजूला ठेवायचे. काटकोनात वळलेली एक लोखंडी पट्टी, म्हणजे अँगल, वाजवून म्हणाले, “हा आतून गेलाय. रऊफभाई, हा राहू द्या.” चाचा म्हणाले, “व्यंकटराव, तुम्ही भंगार घेताय का तबला?” मला केवढा अभिमान वाटला. बाकीचे लोक डोळ्यांनी बघतात, माझे पप्पा कानांनी आणि बोटांनी बघतात, असं मी शाहीनला म्हणाले. अगदी याच शब्दांत. मला तेव्हा ते वाक्य छान सुचलं म्हणून आवडलं होतं.

एका मोडीत निघालेल्या बसच्या पायरीचा खरबरीत पत्रा मिळाला. त्यावरून चाकं घसरणार नव्हती. एका जुन्या शेडचे चांगले जाड अँगलही मिळाले, पण सगळे तोडलेले. रॅम्पला लागतील तेवढे लांब एकही नव्हते.

“जोड द्यावा लागेल मध्ये,” पप्पा म्हणाले. मग जरा थांबून, “देऊ.”

*

रॅम्प म्हणजे काय, तर आडवी ठेवलेली शिडीच. दोन लांब अँगल, मध्ये पायऱ्यांसारखे आडवे तुकडे, वर पत्रा, आणि एका टोकाला ट्रॉलीच्या कडेत अडकणारा आकडा. असे दोन.

शुक्रवारी संध्याकाळी आईनं मापं घेतली. आमच्या दुकानात मापं आईच घ्यायची. ती टेप धरून मोठ्यानं आकडा वाचायची, खडूची रेघ ओढायची आणि मग पप्पा त्या रेघेवर बोट फिरवून कापायचे. काम झालं की आई फडक्यानं पुसत पुसत सगळीकडून बघायची. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, “व्यंकटरावांचं लग्न झालं का भागीदारी?” मला वाटायचं हे प्रेम. म्हणजे होतंच ते. पण नुसतं तेवढंच नव्हतं.

शनिवारी पहाटेच औशाहून निरोप आला, आईची मावशी वारली. आई जायला निघाली तेव्हा दुकानाच्या दारात घुटमळत होती.

“मी येईपर्यंत थांबा,” ती पप्पांना म्हणाली.

“मंगलमावशीला उद्या संध्याकाळी द्यायचेत. परवा तिची पहिली जत्रा आहे.”

“मग निदान मधला जोड राहू द्या.”

“सुमित्रा, जा तू. गाडी चुकेल.”

शनिवारची शाळा सकाळची. सुटल्यावर दप्तर टाकून मी थेट दुकानात आले. माझं काम म्हणजे तुकडे धरायचे, रॉड हातात द्यायचा आणि वेल्ड थंड झाला की त्यावरची काळी खपली हातोडीनं पाडायची. वेल्डिंग मात्र मला करू द्यायचे नाहीत. कितीही मागे लागले तरी एकच उत्तर, दहावी होऊ दे.

आडवे तुकडे लावताना पप्पा आधी प्रत्येकाला एकेक टाका मारत होते, नुसता क्षणभर ठिणगी उडेल एवढा. मी तुकडा धरून बसले होते. काळी काच डोळ्यांसमोर धरायची म्हणजे एक हात अडकतो. मी काच खाली ठेवली आणि नुसते डोळे मिटून घेतले. सगळे वेल्डर तेच करतात, मी बघितलं होतं. टाक्यापुरतं कोण काच लावतं?

“काच कुठाय?” पप्पा म्हणाले. ते माझ्याकडे बघतही नव्हते.

“आहे की.”

“तोंडापुढं नाही. आवाज मोकळा येतोय तुझा. कुठाय काच?”

“पप्पा, टाकाच आहे. मी डोळे मिटलेत.”

पप्पांनी हातातला रॉडचा होल्डर फेकला. फेकला म्हणजे खरंच फेकला, तो भिंतीवर आपटून खाली पडला. माझ्यावर पप्पांनी कधी आवाजही चढवला नव्हता. त्या दिवशी ते ओरडतच उभे राहिले.

“परत असं केलंस तर या दुकानात पाऊल ठेवायचं नाही. कळलं? टाका मारायचा असू दे, नाहीतर नुसती ठिणगी असू दे. मिटलेल्या डोळ्यातून पण आत जातंय ते. कळलं का?”

“कळलं.”

“बाहेर जा. पाणी पी.”

मी निंबाखाली जाऊन बसले. रडले नाही, पण रडण्याच्या बेतात होते. एवढ्याशा गोष्टीवरून असं कोणी चिडतं का? आत वेल्डिंगचा आवाज परत सुरू झाला. पप्पा एकटेच काम करत होते. मधले जोड त्यांनी तेव्हा मारले.

*

रविवारी दुपारी रॅम्प तयार झाले. आई अजून परतली नव्हती.

आमच्या दुकानात एक पद्धत होती, पणजोबांपासूनची. ते बैलगाड्या करायचे. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी करणाऱ्यानं स्वतः तिच्यात बसायचं. आपलं वजन आधी, मग दुसऱ्याचं. पप्पांनी प्रत्येक ट्रॉलीत उभं राहून उडी मारल्याचं मला लहानपणापासून आठवतं. त्या दिवशीही त्यांनी रॅम्प दुकानाच्या ओट्याला लावले, चपला काढल्या, नमस्कार केला आणि वर चढले. मध्यावर थांबून टाचा आपटल्या. रॅम्प जरासुद्धा वाकले नाहीत.

“झालं,” पप्पा म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा बघितला. ग्रिल करून तो तसा होत नसे. “वर्षभरानं काहीतरी लोखंडाचं काम केल्यासारखं वाटलं बघ. रंग देऊन टाक. मी चहा घेऊन येतो.”

मी रॅम्प उलटे करून भिंतीलगत आडवे ठेवले आणि तांबडा रंग द्यायला बसले. खालच्या बाजूचे वेल्ड किती देखणे होते. एकसारखे, रुपयांची चवड आडवी पाडल्यासारखे. मी ब्रश फिरवत मध्यावर आले आणि रंग एका जागी आत गेला.

परत ब्रश फिरवला. परत आत ओढला गेला. मी वाकून बघितलं. भिंतीच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि त्या लोखंडातून मला ते दिसत होतं. केसासारखी बारीक उजेडाची रेघ.

पप्पांचा वेल्ड तिथंच होता, सरळ, सुंदर. पण जोडावर नव्हता. जोडाच्या शेजारून गेला होता. दोन अँगलांची टोकं जिथं एकमेकांना टेकली होती ती फट तशीच उघडी होती आणि वेल्डची माळ तिच्या बाजूच्या भरीव लोखंडावर घातली होती. जिथून माळ सुरू झाली तिथं ती जोडाला जरा चाटून गेली होती, तेवढ्यानंच दोन्ही तुकडे धरून होते.

मला आधी वाटलं, एखादा चुकला असेल. दुसरा बघितला. तोही तसाच. तिसरा, चौथा, सगळे. मग मी वेड्यासारखी बाकीचे वेल्ड तपासायला लागले. आडव्या तुकड्यांचे, आकड्याचे, पत्र्याच्या कडेचे. ते सगळे पक्के होते. रॉड कोपऱ्यात टेकवून ओढला की कोपराच त्याला वाट दाखवतो. सपाट जोडाला कोपरा नसतो. तिथं रेघ डोळ्यांनीच धरावी लागते.

हातात ब्रश घेऊन मी तशीच बसून राहिले. शाहीनच्या अब्बांच्या दुकानात मीच म्हणाले होते ते मला आठवलं. बोटांनी बघतात.

जीपचा हॉर्न वाजला. मंगलमावशी ट्रॉली जोडून, वर चरक घालूनच आली होती. मागून तिची सून उतरली, एक पाय जरा बाहेर टाकत. चहाची किटली घेऊन पप्पाही आले.

“कसे झालेत बघू,” मावशी म्हणाली. “उतरवून परत चढवून बघू एकदा. ड्रायव्हर हाय तोवर करून घेऊ. शीतल, ये गं.”

“रंग ओला आहे, मावशी,” मी म्हणाले.

“चाकाला लागंल रंग. लागू दे. शोभंल.”

पप्पा हसत पुढे झाले आणि रॅम्प उचलायला वाकले. मी जाऊन रॅम्पवर बसले. ओल्या रंगावर, अंगातल्या सलवारीसकट.

“उत्कर्षा, ऊठ.”

“नाही.”

“काय करायलीस? ऊठ म्हणतो ना.”

“मी नाही उठणार, पप्पा.”

मावशी हसली. “ही तर आंदोलनाला बसली. काय मागण्या हायत बाई तुझ्या?”

मला तोंड फुटलं होतं म्हणाले ना मी. ते सगळं तोंड त्या क्षणी कुठं गेलं कळलं नाही. सांगायचं काय? मावशीसमोर, शीतलवहिनीसमोर, ड्रायव्हरसमोर? मी पप्पांचा हात धरला. त्यांना खाली बसवलं, कुणाला दिसणार नाही असं आमच्या दोघांच्या मध्ये, आणि त्यांचं बोट त्या फटीवर टेकवलं. मग हळूच बाजूच्या वेल्डवर नेलं. मग परत फटीवर.

पप्पांचं बोट तिथंच थांबलं. नख अडकलं. त्यांनी स्वतःहून दुसऱ्या जोडावर हात नेला.

मग तिसऱ्यावर. उठले तेव्हा त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

“मावशी, पोरगी बरोबर म्हणतीय. रंग ओला आहे. उद्या सकाळी ये.”

“उद्या सकाळी मला निघायचंय रे.”

“निघायच्या आधी ये. मी तयार ठेवतो.”

शीतलवहिनी ट्रॉलीला धरून उभी होती. ती म्हणाली, “भाऊजी, घाई नाही. नीट करा. खाली मीच असते.”

*

आई दिवेलागणीला आली. दारात चप्पल काढता काढताच तिनं आमच्या दोघांची तोंडं बघितली. “कोणता जोड?” एवढंच विचारलं.

“सगळे मधले,” पप्पा म्हणाले.

म्हणजे आईला माहीत होतं. तिथंच, न्हाणीघराच्या दाराशी हातपाय धुता धुता तिनं मला सांगितलं. माझ्याकडे न बघता, पाय घासत.

“त्यांना मधलं दिसत नाही. दोन वर्षं झाली. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध डाग पडलाय म्हणाले डॉक्टर. लहानपणापासून डोळे मिटून टाके मारले त्याचा. आता औषध नाही. कडेकडेचं दिसतं सगळं, ज्याच्याकडं सरळ बघायचं तेवढंच जातं.” तिनं तांब्या खाली ठेवला. “कानाकडं बघतात ना, तेव्हा त्यांना माणसाचा चेहरा दिसतो. तोंडाकडं बघितलं तर नुसता डाग.”

मला पैज आठवली. गुलगुलेही खाऊन झाले होते माझे.

“मला का नाही सांगितलं?”

“तू टाकीजवळ सांगितलं असतंस,” आई म्हणाली.

हे लागलं. पण खोटं नव्हतं.

पप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. “ग्रिलला कोपरेच असतात सगळे,” ते म्हणाले. “गेटालाही. ते मला जमतंय, अजून जमतंय. जोड आला की सुमित्रा बघायची. चुकला तर परत मारायचो. काल वाटलं, हात इतक्या वर्षांचा आहे, हातालाच कळेल.” ते थांबले. “टाचा आपटून बघितल्या मी.”

“तुमच्या वजनाला टिकला तो. चरकाच्या वजनाला नसता टिकला,” मी म्हणाले.

 आईनं चूल पेटवायच्या ऐवजी उगाच पदर खोचला, सोडला, परत खोचला.

मग तिनं मार्ग काढला. आई नेहमी काढतेच. “जोडावरून दोन्ही बाजूंनी पट्टी टाकायची,” ती म्हणाली. “चांगली जाड. पट्टीच्या चारी कडांना कोपरा येतो, तो तुम्हाला जमतो. वरून बोल्ट मारायचे. मी रेघा मारून देते, पहाटे उठून करू. मूळपेक्षा पक्कं होईल.”

“होईल,” पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा जीव आला.

“आणि मावशी येईपर्यंत रंगही वाळेल. द्यायचे आणि मोकळं व्हायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

पप्पांनी मान हलवली.

मी दोघांकडे बघत होते. मला आईचं पटत होतं. पट्टी टाकली की रॅम्प पक्के होणार होते. मावशीची जत्रा होणार होती. दुकान राहणार होतं. यात वाईट कुणाचंच नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोरून शीतलवहिनी हलत नव्हती. नीट करा म्हणाली होती ती. नीट कुणी केलं आणि कसं केलं, हे तिला न सांगता तिला त्याखाली उभं करायचं.

“मावशीला सांगायला पाहिजे,” मी म्हणाले.

“काय सांगायचं?” आई एकदम वळली. “आंधळ्यानं केलेत म्हणून? मावशीला सांगितलं की उद्याच जत्रेत सांगून होईल. मग गेट तरी कोण करून घेईल? काय खायचं आपण?”

“आंधळे नाहीत ते.”

“लोक तेच म्हणतील.”

“सुमित्रा,” पप्पा म्हणाले.

“नाही, तुम्ही बोलू नका. दोन वर्षं मी निभावलंय. टेप धरून, खडू धरून, गिऱ्हाइकाच्या चेष्टा ऐकून निभावलंय. एका दिवसासाठी गेले तर हे असं झालं. आता ही येऊन मला शिकवणार का?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मी आईजवळ गेले. तिचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही. धरला असता तर मला पुढचं बोलता आलं नसतं. मी पप्पांच्या समोर जाऊन बसले. आठवीतली मी असते तर आत जाऊन पांघरुणात शिरले असते.

“आई, तू एका दिवसासाठी गेलीस म्हणून झालं हे. तू आजारी पडलीस तर परत होईल. तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. पण तू एकटी होतीस.”

पप्पा माझ्याकडे तोंड करून ऐकत होते.

“पहाटे मी उठणार आहे,” मी म्हणाले. “रेघा आई मारेल, पट्ट्या मी धरीन, काच लावून. वेल्ड पप्पा मारतील आणि प्रत्येक कड आम्ही दोघी बघू. पण शेवटची पट्टी आपण टाकायची नाही. ती मावशी आणि शीतलवहिनी आल्यावर, त्यांच्यासमोर टाकायची. त्याआधी मी त्यांना ती फट दाखवणार आहे. पप्पांना मधलं दिसत नाही हे सांगणार आहे. कोणतं काम त्यांना जमतं, कोणतं नाही, आणि काम बाहेर जायच्या आधी ते कोण बघतं, सगळं सांगणार आहे. मग त्यांनी रॅम्प घ्यायचे की नाही ते त्यांनी ठरवायचं. नाही घेतले तर नाही घेतले.”

“आणि आम्ही नको म्हणालो तर?” आईनं विचारलं.

“तरी सांगणार,” मी म्हणाले. “म्हणून तर आधी तुम्हाला सांगितलं.”